अकराव्या रांगेतली खिडकी

२ मार्च

जागा ठरली! अकरावी रांग, खिडकी. लेक शेजारी, जावई तिच्या पलीकडे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून आम्ही मायलेकी ताईकडे जायच्या विमानातल्या जागांचा नकाशा बघत बसलो होतो. शेवटची रांग नको — पाठ मागे झुकत नाही, वर संडास अगदी डोक्याशी. पंखावरची नको — नुसता पत्रा दिसतो. गुडघे म्हणत होते कडेची घे, पाय मोकळे राहतील. मन म्हणालं खिडकी. जन्मभर लाँड्रीत उभी राहून इस्त्री केली. आता बसायचंच तर नीट बसावं.

लेक म्हणाली, घाबरलीस तर माझा हात धर. धरणारच आहे.

३ मार्च

ताईला फोन केला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बघितलेलं नाही. म्हणाली, विमान चढताना पोटात गोळा येतो, डोळे मिटून घे. म्हटलं, मग खिडकी कशाला घेतली?

५ मार्च

बॅग भरली, परत उपसली, परत भरली.

लेक-जावई कचरा टाकायला म्हणून खाली गेले ते पाऊण तासाने वर आले. हल्ली रोजच दोघं बरोबर जातात. तीन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत मी ठाण मांडून — त्यांनी तरी काय करावं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी नव्याची नवलाई सरली नाही म्हणायची.

७ मार्च

ताईकडे पोचलो. आधी हे लिहिते, मग बॅग उघडीन.

विमानतळावर माझा जागेचा कागद हातात आला. सत्ताविसावी रांग, मधली जागा. मला वाटलं चूक झाली. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, बाई, आमची अकरावी. तिने पडद्यावर बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "चूक नाही काकू. तुमच्याच बुकिंगवरून काल बदललीय. ती दोघं अकराव्या रांगेतच आहेत."

लेकीकडे बघितलं. ती बॅगेचा पट्टा ओढत होती. म्हणाली, "आई, आजच्या दिवस चालवून घे."

बस. कारण नाही, काही नाही. जावई तर जमिनीकडे बघत उभे.

एका बाजूला घोरणारा माणूस, दुसऱ्या बाजूला खोकणारी बाई. खिडकी हाताच्या अंतरावर, पण त्या माणसाने झडप ओढून घेतलेली. विमान वर चढलं, पोटात गोळा आला. मी माझाच हात धरला. पुढे कुठेतरी ती दोघं. लेकीने एकदा उठून मागे यावं? आली नाही. दोन तास मान उंच करकरून बघत होते मी.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर भांडले असते.

८ मार्च

ताई म्हणते, राईचा पर्वत करतेस. जागाच ती, बूड टेकलं की झालं.

जागेचं नाहीच ते. मला विचारलं असतं तर मी आपण होऊन मागे जाऊन बसले असते. टेबलावर बसून मला खिडकी दाखवली, आणि माझ्या पाठीमागे काढून घेतली. पोटच्या पोरीने.

९ मार्च

बोललेच शेवटी. जेवताना, जावयांच्या समोर. म्हटलं, नवरा शेजारी असला की आई सत्ताविसाव्या रांगेत. तुम्हा दोघांचं गुळपीठ, आम्ही कोण?

लेकीने हातातला घास खाली ठेवला. जावई म्हणाले, "आई, तिला बोलू नका. जागा बदलायचं मी सुचवलं."

म्हटलं, असणारच. एकाच माळेचे मणी तुम्ही.

ते उठून गॅलरीत गेले. ताईने माझ्याकडे डोळे वटारले. मला मात्र बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

१० मार्च

लेक बोलत नाही. मीही नाही.

११ मार्च

जावई सकाळीच गेले, एकटे. जाताना "गुडघे सांभाळा" म्हणाले. मला वाटलं कामाचं बोलावणं आलं असेल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना काय, कधीही बोलावतात.

मग लेक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ती दोघं एकमेकांपासून वेगळी होतायत. वर्षभर धुमसत होतं.

"घरात बोलायला लागलो की बाहेर तू. कचऱ्याच्या निमित्ताने खाली जाऊन बोललो तरी कधी तो निघून जायचा, कधी मी. विमानात कुणाला उठून जाता येत नाही, आवाजही चढवता येत नाही. म्हणून तुला मागे पाठवून दोघंच शेजारी बसलो, आई. पहिल्यांदा शेवटपर्यंत बोललो. सगळं ठरलं."

विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तू किती खूश होतीस गं त्या खिडकीवर.

भर दुपारी माझ्या अंथरुणावर झोपली आहे. ताईला सांगितलं, हाक मारू नकोस तिला.