लाल पट्टीची नळी

प्रिय धाकट्या,

मला आत सोडत नाहीत, म्हणून लिहितोय. नर्सताई वाचून दाखवतील. त्यांच्यासमोर माझी अब्रू गेली तर जाऊ दे.

आपली काचेची भट्टी बंद आहे. फुटलेल्या बरणीच्या काचा जमिनीवर तशाच आहेत आणि भिंतीवर तुझं रक्तही. त्या दिवशी तू सकाळपासून गप्प होतास, डबाही उघडला नाहीस, आणि हातातली तयार बरणी सोडलीस. मला वाटलं, फुगून बसलाय. पहिली थोबाडीत बरणीसाठी होती, दुसरी तू उत्तर दिलं नाहीस म्हणून. मग गळा धरून तुला भिंतीवर आदळलं. "मूग गिळलेस का?" म्हणत पुन्हा आदळलं. तेव्हा माझ्या अंगठ्यांखाली दोन गाठी लागल्या, सुपारीएवढ्या. गळा तापानं नुसता भाजत होता. तुझ्या तोंडातून रक्ताबरोबर पू आला, तेव्हा कुठे माझे हात सुटले.

आईनं स्वतःचं मूत्रपिंड तुला दिलं. ते अंगानं झिडकारू नये म्हणून घेतोस त्या गोळ्यांनी तुझ्या अंगातला पहाराच उठवलाय, साधी घसादुखीही जिवावर बेतेल, हे डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणून तर तुझी फुंकायची नळी मी वेगळी केली, तिला लाल पट्टी गुंडाळली. त्याआधी वीस वर्षं एकाच नळीनं आळीपाळीनं काच फुंकली आपण. वाटणी झाली म्हणायची, असं तू चिडवलंसही.

आता गळ्याला भोक पाडून श्वास देतायत तुला. आसपास कोणाचा घसा दुखत होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर तू पाटीवर लिहिलंस, कोणाचा नाही. गळ्यावरच्या वळांबद्दल लिहिलंस, पडलो. अरे गाढवा, कोणाला वाचवतोयस?

मारण्याच्या चार दिवस आधीची ती मोठी बरणी आठव. माझा घसा दोन दिवस धरला होता. फुंकता फुंकता ठसका लागला, काच निवत चालली होती, तुझी नळी कोपऱ्यात. मी माझीच तुझ्या तोंडात कोंबली नि ओरडलो, फुंक. तू फुंकलंस.

आज मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, नळीही आणि मारही. तपासायला माझ्या घशातून कापसाचा बोळा फिरवला, तुझ्यात आहे तोच जंतू निघाला, आणि संध्याकाळपासून तुझं औषध बदललंय. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पायातली काढून मला मारलं, ओठ फुटेपर्यंत. मी हात आडवा केला नाही. आता तुझी पाळी आहे. उठ, आणि मार.

तुझाच,
दादा