पहिलं नाव कुणाचं

बाबा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलेय, तेही ऑफिसात, दार लावून, कामाच्या वेळेत. तुम्हाला आवडलं नसतं. इथे लेस्टरमध्ये तुम्ही तीस वर्षं डॉक्टरकी केलीत, पण ड्यूटीवरून कधी घरी फोन केल्याचं मला आठवत नाही.

मी काय करते ते आधी सांगते, कारण हे सगळं तुमच्यानंतरचं. युगांडातल्या एका हॉस्पिटलाबरोबर आमची पार्टनरशिप आहे. तिथल्या ताप आलेल्या, नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या रक्तात कुठला जंतू आहे, त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे आम्ही शोधतो. बाळं तिथली, रक्त तिथलं, मशीन मात्र इथलं. दर महिन्याला कोरड्या बर्फात भरलेलं खोकं विमानाने येतं आणि आमचा रिपोर्ट परत जाईपर्यंत बाळ बरं होऊन घरी गेलेलं असतं, नाहीतर दगावलेलं असतं. तिथली माणसं सहा आठवडे आमच्याकडे शिकायला येतात, सर्टिफिकेट घेऊन जातात. याला आम्ही कपॅसिटी बिल्डिंग म्हणतो. तिथल्या लॅबच्या प्रमुख बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, एकदा मीटिंगमध्ये शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला खोकी भरायला फार छान शिकवलंत." सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी!

पुढच्या पाच वर्षांच्या निधीचा अर्ज शुक्रवारी जायचाय. 'प्रमुख संशोधक' या रकान्यात माझं नाव आहे. मी मुद्दाम घातलं असंही नाही, जुना फॉर्म कॉपी केला, नाव आपोआप आलं. कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. सोमवारी बाईंची ईमेल आली. "प्रमुख मी असेन, मशीन आमच्याकडे बसेल, रक्त आमच्याकडेच राहील, नाहीतर आमची सही नाही." ना 'होप यू आर वेल', ना काही. मला असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी राबले आणि यांना आता आयतं हवंय? रागारागात त्यांचीच ईमेल उघडून तिची भाषा मऊ करायला घेतली, फंडर्सना असला टोन चालत नाही हे त्यांना समजवायला. दोन वाक्यं पुसली आणि एकदम तुम्ही आठवलात.

मी चौदा वर्षांची आहे. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती बायका कंबर धरून तुमच्याकडे येतात. बाकीचे डॉक्टर म्हणतात, या बायकांचं नेहमीचंच रडगाणं. तुम्ही मात्र एकेकीला विचारता, घराबाहेर किती पडता, खाता काय, आणि आपल्या किचनच्या टेबलावर बसून सगळं वहीत उतरवता. ऊन न मिळाल्याने त्यांची हाडं मऊ पडली होती, हे तुम्ही शोधलंत. लेख छापून आला तो तुमच्या कन्सल्टंटच्या, म्हणजे तुमच्या वरच्या डॉक्टरच्या नावाने. तुमचे आभार शेवटच्या ओळीत होते, गुजराती भाषांतराबद्दल! अहो, तुमचं गुजराती ऐकून त्या बायकाच पदराआड हसायच्या. आयत्या पिठावर रेघोट्या कशा ओढतात हे सांगायला ही गोष्ट मी कितीतरी लेक्चरांत वापरली, आणि दर वेळी शेवट एकच, माझे वडील मूग गिळून बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आज सकाळी बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचं नाव वर घालतेय, मशीन तिकडे, रक्तही तिकडेच. बाई म्हणाल्या, "बरं. आता तुमची माणसं इकडे शिकायला पाठवा. सहा आठवडे. सर्टिफिकेट देऊ." त्या मोठ्याने हसल्या, मला हसायला थोडा वेळ लागला. फॉर्म बदलला आणि शुक्रवारची वाट न बघता पाठवून दिला. खरं सांगते, स्वतःचं नाव दुसऱ्या ओळीत बघून कमीपणा वाटला. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

हे कुठे पाठवायचं नाहीय म्हणून आणखी एक सांगते. तुम्ही गप्प बसला नव्हतात, बाबा. तुम्ही कन्सल्टंटना पत्र लिहिलं होतंत, एकच पान, सरळ आणि कडक, आणि "बघ गं जरा" म्हणून माझ्या हातात दिलंत. मी वाचलं आणि म्हटलं, "बाबा, हे भीक मागितल्यासारखं वाटतंय. लोक हसतील." तुम्ही "असं म्हणतेस?" म्हणालात, कागदाची घडी केलीत आणि खिशात ठेवलीत. पुन्हा कधी विषय काढला नाहीत. त्या पत्रात काहीही खोट नव्हती. त्या शनिवारी तुमच्या कन्सल्टंटच्या मुलीची बर्थडे पार्टी होती, आणि मला जायचं होतं.