शेवटचा प्रतिध्वनी काढण्याबाबत

तीर्थस्वरूप काकूंस सादर नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे, हे प्रथम कळवावे. (जिना चढताना दुखतो की उतरताना, हेही लिहावे, दोहोंची कारणे भिन्न असतात व ती मी सवडीने समजावीन.) इकडे आम्ही सर्व कुशल आहोत, निदान शरीराने.

ज्या जुन्या चर्चची राखण काकांनी अखेरपर्यंत केली, ते तरुण मुलामुलींसाठी सजवण्याचे काम माझ्याकडे आले आहे, हे आपण जाणताच. प्रार्थना आता शेजारच्या नव्या इमारतीत होते. जुन्या जागेत पोरांनी वाचावे, खेळावे, वाजवावे, एवढाच हेतू. सध्या ती पुलाखाली बसतात. मात्र उद्घाटनापर्यंत त्यांचे पाऊल आत रुळले नाही, तर चर्चची समिती ही वास्तू लाकडाच्या वखारीला देऊन मोकळी होणार आहे.

आता थोडे ध्वनिशास्त्र. उंच छत आणि उघडा दगड यांमुळे तिथे एक शब्द बोलावा, तर चार परत मिळत. अशा जागी गिटार वाजवणे म्हणजे भांड्यांची फळी कोसळणे. म्हणून मी एकेक प्रतिध्वनी रीतसर मारत गेलो: छताला फळ्या, भिंतींना कापूस भरलेल्या चौकटी, खाली जाड सतरंजी. प्रत्येक टप्प्यानंतर मध्यभागी उभा राहून मी टाळी वाजवी आणि कान देई. (मला हवापालटाची गरज आहे, असे सुताराचे मत पडले.) अखेर टाळी हातातच विरली. मी आनंदाने म्हणालो, "झालं!" आणि रिकाम्या दाराजवळून कोरडा, स्पष्ट आवाज आला, "दार ओढून घे."

काकू, प्रतिध्वनी आपलाच शब्द परत देतो. सूचना देत नाही. तेव्हा पूर्ण विचारांती निष्कर्ष असा, की काका गेल्यापासून आम्ही ज्या गोंगाटाला प्रतिध्वनी म्हणत होतो, त्यात तेही बोलत होते. बाकीचे आवाज मी काढून टाकल्यामुळे ते आता नीट ऐकू येतात. एका अर्थी हे माझ्या कामाचे यशच म्हणायचे.

सुतार रंधा तिथेच टाकून गेला; "असा धरतात का?" असे त्याला मानेमागून विचारले गेले होते. पाळकसाहेबांनी हात झटकले. "मी त्यांना रीतसर पोहोचवलं होतं. परत आले, त्याला मी काय करू?" मुले आली, तर "पाय पुसा", वाजवू लागली, तर "तार उतरलीय" (आणि ती खरोखरच उतरली होती). त्यांची म्होरकी जाता जाता मला म्हणाली, "सर, भूत असतं ना, तर राहिलो असतो आम्ही. हे तर हेडमास्तर आहेत!" सगळी पुन्हा पुलाखाली.

शेवटी मी त्या दारासमोर उभा राहून वखारीचे संकट काकांना मुद्देसूद समजावले. बोलणे संपेपर्यंत काहीच हलले नाही; फक्त माझा श्वास तेवढ्या जागेत पांढरा दिसू लागला. मग उत्तर आले, "कळलं. आता दार ओढून घे."

हयातीत तरी ते कुठे ऐकत होते!

आपला आज्ञाधारक
पुतण्या

ता. क. : हयातीत ते एकाच माणसाचे ऐकत, व ते माणूस दुखरा गुडघा घेऊन आपल्या घरात बसले आहे. उद्घाटनापूर्वी एकदा यावे आणि दाराशी उभे राहून, आपल्या त्या विशिष्ट स्वरात, "पुरे झालं हो, घरी चला," एवढेच म्हणावे.

आणखी ता. क. : आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत. पत्र लिहून झाल्यावर मी ते सवयीप्रमाणे सतरंजीच्या मध्यभागी उभा राहून मोठ्याने वाचून तपासले. आपल्या गुडघ्याचा उल्लेख आला, तसा दाराजवळून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. वरचा ताजा कलम संपल्यावर आवाज म्हणाला, "या पायऱ्या तिला चढायला लावू नकोस. मीच जातो." आणि दार, काकू, कोणी हात न लावता ओढले गेले. आत आता खरीखुरी शांतता आहे. म्हणजे होती, कारण मुले परतली असून मनसोक्त बेसूर वाजवीत आहेत.

पत्र टपालाने येईल. काका बहुधा त्याआधीच पोहोचतील. पायपुसणे बाहेर ठेवावे. गुडघ्याला त्रास देऊन उठू नये, दार नुसते लोटून ठेवावे. ओढून घ्यायचे ते पाहतील.