माझा घसा बसला नव्हता

प्रिय आये,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर तो प्रश्नच उरला नाही. तरी लिहायला बसलो आहे. कारण आज दुपारी तुझ्या सुनेनं, सुशीलेनं, मला नेमकं वर्मावर पकडलं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आम्ही माथेरानला आलो आहोत. रेवसहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर, तिथून नेरळ, आणि पुढे ती लहानगी डोंगरगाडी. बारा वर्षांपूर्वी तू आली होतीस ना, अगदी त्याच वाटेनं. दुपारी आम्ही एको पॉइंटवर उभे होतो. लोक दरीकडे तोंड करून हाका मारत होते, समोरचा कडा त्या परत करत होता. मी सुशीलेची थट्टा केली, म्हटलं, मार की माझ्या नावानं एक हाक! तिनं जीभ चावली. म्हणाली, "मी कसं घेऊ नाव? तुम्हीच मारा हाक. मी डोंगराकडून ऐकते."

मी मटकन खाली दगडावरच बसलो. तिला वाटलं मला घेरी आली.

आये, हे शब्द तुझे होते. बारा वर्षं मी ते कुठेतरी पुरून ठेवले होते.

तुला आठवतं का तो वैशाख? मी तेव्हा मुंबईच्या एका शेठच्या मुलांना शिकवायचो आणि उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर इथल्या बंगल्यावर राहायचो. तुला दोन दिवस बंगल्यामागच्या माझ्या खोलीत आणायची परवानगी मी शेठकडून महिनाभर आधी काढली होती. तू म्हणायचीस, समुद्र जन्मभर खालूनच पाहिला, एकदा वरून पाहायचा आहे. ज्यानं नवरा नेला त्याला वरून बघून तू काय करणार होतीस, हे मी कधी विचारलं नाही. मी नऊ वर्षांचा असताना बाबांचं गलबत गेलं. तेव्हापासून आपल्या घरात त्यांचं नाव कोणी काढलं नाही. तू काढायची नाहीसच, बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. माणूस गेला तरी ती गाठ सुटत नाही. आणि तुझ्यासमोर नको म्हणून शेजारीपाजारीही 'पांडूचा बाप' म्हणायचे.

तसं त्यांनीही तुझं नाव कधी घेतलं नव्हतं म्हणा! गलबत किनाऱ्याला लागलं की पाण्यातूनच "गोऽऽ" म्हणून ओरडायचे. वाळूवर पन्नास बायका टोपल्या घेऊन उभ्या असायच्या आणि त्यातली तू एकटीच वळायचीस.

तू नेरळला गाडीतून उतरलीस ती कमरेला घट्ट लुगडं आणि काखेत सुकटाचं गाठोडं घेऊन. गाठोड्याचा वास तुझ्याआधी माझ्यापर्यंत पोचला. शेठच्या घरात कांदासुद्धा चालत नव्हता! मी तुला जवळ घेण्याआधी ते गाठोडं घेतलं, आणि वर पोचल्यावर रानात मोळी घेऊन चाललेल्या एका ठाकरणीला देऊन टाकलं. तिनं मला ओंजळभर करवंदं दिली. तू ती खाल्लीस आणि म्हणालीस, बरा सौदा झाला. मला वाटलं तुला वाईट वाटलं नाही. मला सोयीचं होतं तेवढंच मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंटवर नेलं. ऊन वर आलं तशी लांबवर पाण्याची एक चकाकती रेघ दिसली. "एवडाच?" म्हणालीस तू. किती वेळ बघत होतीस! मग शार्लट तलाव. एवढं गोडं पाणी आणि जाळं कोणी टाकत नाही म्हणून तू जांभळीखाली बसून हळहळलीस. लाल मातीनं तुझे पाय घोट्यापर्यंत रंगले होते. तू हसत होतीस. मी मात्र सारखा मागं वळून बघत होतो, ओळखीचं कोणी येत नाही ना म्हणून.

का, ते आता सांगतो. शेठच्या घरी मी सांगितलं होतं की नागावच्या बाजूला आमची वाडी आहे. शब्द खोटा नव्हता. वाडी म्हटल्यावर त्यांना नारळी-पोफळीची दिसली. आपल्या वाडीत जाळी वाळत असतात हे मी सांगितलं नाही, एवढंच. सही करायचो 'पां. चां.' अशी. 'चां.' म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बापाला एका अनुस्वारावर आणून ठेवलं होतं मी.

संध्याकाळी आपण एको पॉइंटवर आलो. तू बराच वेळ लोकांच्या हाका ऐकत उभी राहिलीस. मग हसून म्हणालीस, हा डोंगर हुशार आहे, डोकं स्वतःला ठेवतो आणि शेपटी आपल्याला परत देतो. मासळीत डोकंच चवीचं, हे तुझ्यासारखं कोणाला ठाऊक! मीही हसलो. मग तू लुगड्याचा पदर नीट केलास, आणि इतकं हळू बोललीस की मला वाकावं लागलं.

"पांडू, तुज्या बापाचा नाव घेशील एकदा? मना तं घेता येत न्हाय. तू हाक मार, मी डोंगराच्या तोंडून आयकते."

त्याच वेळी वळणावर शेठाणीची रिक्षा दिसली. दोघं पुढून ओढत होते, दोघं मागून ढकलत होते. मागच्या रिक्षात मुलं. मी रिक्षाकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणालो, "आये, माझा घसा बसलाय."

"ऱ्हाऊं दे मंग," म्हणालीस.

आणि बाजूला जाऊन एका दगडावर बसलीस. मी तुला तिथं बसू दिलं. शेठाणीनं तुला तोवर पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, मास्तर, या कोण? मी म्हणालो, आई. एवढं तरी खरं बोललो. पण आवाज असा काढला की जणू कबुलीजबाबच देतोय. मग मुलांनी हट्ट धरला, मास्तर, टॉमीला हाक मारा! टॉमी म्हणजे त्यांचं कुत्रं. आणि आये, बसलेल्या घशाचा हा तुझा मुलगा कमरेवर हात ठेवून दरीवर ओरडला, "टॉमीऽऽऽ!"

डोंगरानं उत्तर दिलं, "मीऽ… मीऽ… मी."

मुलं टाळ्या पिटत होती. मी तीनदा ओरडलो. तू दहा पावलांवर होतीस, बहिरी नव्हतीस.

तू एक शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं! पण दुसऱ्या दिवशी नेरळच्या फलाटावर तू मला थांबवून कुठेशी गेलीस आणि दुकानातून सुंठ-गुळाची पुडी घेऊन आलीस. माझ्या हातात कोंबलीस. घसा जप, म्हणालीस. तू खरंच मानलं होतंस का माझं? की माझी लाज झाकलीस? बारा वर्षं मी हे विचारायचं टाळलं. दर गणपतीला घरी यायचो, तुझ्या हातचं खायचो आणि परत बोटीत बसायचो. गेल्या फाल्गुनात तू गेलीस तेव्हाही मी पोचलो ते तिसऱ्या दिवशी.

आज दगडावर बसून मी हे सगळं सुशीलेला सांगितलं. गाठोडं, टॉमी, सुंठ, सगळं. तिनं माझी समजूत काढली नाही. चांगली आहे, तुझ्यासारखी. एवढंच म्हणाली, "मग आता कशाची वाट बघताय?"

कठड्यापाशी माणसं होती. टोपीवाला एक साहेब, मुंबईचं एक लेकुरवाळं खटलं, दोन रिक्षा. मी उठलो. आपल्या किनाऱ्यावर मारतात तशी तोंडाभोवती हातांची ओंजळ केली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. घसा या वेळी खरोखरच बसला होता बघ! कोणीतरी हसलं. मी पुन्हा श्वास घेतला आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून ओरडलो,

"चांगोऽऽऽ!"

डोंगरानं डोकं ठेवून घेतलं आणि शेपटी परत दिली.

"गोऽऽऽ… गोऽऽ… गो."

आये! हे बाबा होते. पाण्यातून मारलेली हाक होती ती, तुझी एकटीची. मला बारा वर्षं वाटत होतं की तुला त्यांचं नाव ऐकायचं होतं. तू आधी लोकांच्या हाका इतका वेळ का ऐकत होतीस, डोंगर काय ठेवतो आणि काय परत देतो हे का ताडत होतीस, ते मला आज कळलं. तुला नाव नको होतं. त्यांनी तुला एकदा हाक मारावी, हे तुला हवं होतं. ती माझ्या गळ्यात होती, आणि मी ती कुत्र्यावर घालवली.

सुशीला रडत होती. मी पुन्हा पुन्हा ओरडलो, साहेबानं टोपी काढून माझ्याकडे बघेपर्यंत. पण ज्या बाईनं त्या हाकेला वळायचं, ती दगडावर नव्हती. आता कितीही ओरडलो तरी ते फिटायचं नाही, हे मला कळतं. माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील म्हणून मागत नाही.

वचन एकच देतो. दर वैशाखात मी इथं येईन आणि भर गर्दीत, भर दुपारी, त्यांना हाक मारीन. जिथं असशील तिथं कान इकडे ठेव. आणि 'पां. चां.' ही सही मी आजपासून मोडली.

तुझा,
पांडुरंग चांगो नाखवा