पाठवणार: कडूबाई, पूर्णा

जि. परभणी
१७ ऑगस्ट १९८०

प्रिय धुरपता,

तुझं कार्ड परवा मिळालं. नर्सिंगला प्रवेश झाला, एवढी ओळ वाचली आणि मी ओसरीवर बसकणच मारली. पुढ्यात सुपातली ज्वारी तशीच. आई घाबरून म्हणाली, "काय झालं गं, कुणाचं बरंवाईट कळलं का?" म्हटलं, "बरंच कळलं." वर्षभर छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं बघ. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि आई माझ्याकडं बघतच राहिली.

आता सगळं सविस्तर लिहिते. तुमचं छप्पर गळायचं म्हणून मॅट्रिकच्या निकालानंतर तू तुझी सनद, गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला माझ्या ट्रंकेत ठेवायला दिलास. पावसाळा सरला की नेते, म्हणालीस. पावसाळा सरायच्या आधीच विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडाभर घरं जळायला लागली. आपल्या गावात आग लागली नाही, पण पारावरच्या माणसांची तोंडं फिरली. गिरणीवर बौद्धवाड्याचं दळण घेईनासे झाले. चौथ्या दिवशी तुझी आई तुला घेऊन चुडाव्याच्या स्टेशनावर गेली, तिथून मनमाडला, रेल्वेतल्या तुझ्या मामाकडं. कागद माझ्या ट्रंकेतच राहिले.

गेल्या वर्षी जूनमध्ये तुझं पत्र आलं की पंधरा जुलैच्या आत मूळ कागद लागतात. तिसऱ्याच दिवशी मी पार्सल टाकलं, हे अगदी खरं आहे. पण कसं टाकलं ते ऐक. तीन कागद जाड पाकिटात घालून रजिस्टरनं पाठवले असते तर काम झालं असतं. माझ्या मनात आलं, तुझ्या आईनं शिवलेली वाकळही द्यावी. तुम्ही गेल्यावर ती वलणीवर तशीच भिजत पडली होती, मी उचलून आणून वाळवून ठेवली होती. घडीत कागद ठेवले आणि वरून मांजरपाट शिवला. पत्ता वहीच्या पानावर शाईनं लिहिला आणि कणकेच्या खळीनं चिकटवला, तोही ऐन आषाढात! लिहिलं काय, तर 'धुरपता, रेल्वे चाळ, मनमाड'. खोलीचा नंबर नाही, पिन नाही. मामाचं सूर्यभान हे नाव तू पत्रात दोनदा लिहिलं होतंस, तेही नाही. मनमाडात रेल्वेच्या चाळी किती, मला काय ठाऊक! आणि परगावाहून आलेल्या पोरीला तिच्या नावानं तिथं कोण ओळखणार?

पंधरा जुलै गेली. ऑगस्टात तुझं दुसरं पत्र आलं. 'कागद आले नाहीत. द्यायचे नसतील तर तसं कळव, मी वाट बघणार नाही.' मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची. डाकवाल्याची सायकल वळणावर दिसली की मी आत निघून जायची.

संक्रांत झाली आणि आपले मुख्याध्यापक भगवानराव गुरुजी एक सरकारी कागद घेऊन आमच्या बैठकीत आले. ज्या टपालाचा धनी सापडत नाही, ते उघडून बघणारं एक दफ्तर असतं म्हणे. तिथून तो कागद आला होता. वाकळीत तुझे दाखले निघाले, त्यांवर आपल्या शाळेचं नाव, म्हणून त्यांनी शाळेला विचारलं. गुरुजी आबांना म्हणाले, "पाठवणार कुणी कडूबाई, पूर्णा, असं लिवलंय. पर समद्या पूर्ण्यात शोधलं तरी अशी कुणी बाईच सापडंना." मी चहा घेऊन दारात उभी होते. चहा खाली ठेवला. म्हटलं, "मी पाठवलं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "पोचलं न्हाई म्हंजी? मग त्या पोरीचं काय झालं?" मी म्हटलं, "तिचं नर्सिंगचं साल गेलं, आबा." ते उठलेच. "गुरुजी, च्या मागून प्या. गाडी जुंपायला सांगतो. हिला घेऊन पूर्ण्याला जावा, अन् पत्ता हिच्याच हातानं लिवून घ्या."

पूर्ण्याच्या पोस्टात खिडकीवर बन्सीधर म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. माझं सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, पार्सल वाट चुकत न्हाई. आपणच त्याला वाट सांगत न्हाई." पत्ता चिकटवायचा नाही, कापडावरच पक्क्या शाईनं लिहायचा. चाळीचं नाव, खोली, घरातल्या कर्त्याचं नाव आणि पिन घालायचा. तोच पत्ता आतल्या चिठ्ठीवरही लिहायचा, म्हणजे वरचं कापड फाटलं तरी काम अडत नाही. जपायचे कागद सामानात घालायचे नाहीत, आणि तारखेचं काम असेल तर पावसाळ्याचे आठ दिवस जास्तीचे धरायचे. त्यांनी मला समोर बसवून त्या दफ्तराला पत्र लिहायला लावलं, तुझा पत्ता दोनदा वाचून घेतला. महिन्याभरात पार्सल तुझ्या हातात पडलं. तू पोच दिलीस ती दोनच शब्दांची, 'कागद मिळाले.' मला तेवढेही पुष्कळ होते. पण प्रवेशाची यादी लागेपर्यंत जिवाला चैन नव्हतं, कारण यंदाही राहिलं असतं तर ते माझ्यापायी राहिलं असतं.

परवाच्या कार्डात तू शेवटी लिहिलंस, 'टपालाचा घोळ, तुझा काय दोष? मीच तुला नको ते बोलले.' हे वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून हे पत्र. कडूबाई मीच गं. त्या दिवशी पूर्ण्याच्या पोस्टात गावचे दोघं-तिघं रांगेत होते. पार्सलवर तुझं नाव आणि खाली माझं त्यांनी वाचलं असतं, म्हणून सुचलं ते खोटं नाव मी लिहिलं. खरं लिहिलं असतं तर पार्सल आठवड्यात माघारी आलं असतं आणि तुझं साल वाचलं असतं. आबांच्या धाकानं लिहिलं असं मी स्वतःला सांगत आले, पण आबांनी मला कधी अडवलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही स्टेशनाला निघालात तेव्हाही मी घरातच होते, दाराआड उभी. तू एकदा वळून आमच्या घराकडं बघितलंस, ते मी बघितलं. तुझं वर्ष मला परत देता येत नाही. रागावायचं असेल तर रागव, पण तो राग टपालावर काढू नकोस. लिहून झालं, आता हात हलका वाटतोय. उद्या मी हे स्वतः पूर्ण्याला नेऊन टाकणार आहे, भर बाजारच्या दिवशी.

तुझीच,
सगुणा दिनकरराव