पितृपक्षात पॉम्पेई

धंतोली, नागपूर
२१ ऑगस्ट १९७७

तीर्थरूप चंद्रभानदादास,

धाकट्या इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सर्व ठीक आहे. नसतं तरी पत्रात हेच लिहिलं असतं.

ताराकडून माझं तिकीट आलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचे दिवस भरतात. बाळंतपणाला जर्मनीत आईच हवी, असं तिचं आणि अनंतरावांचं एकमत झालंय. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांचं एकमत झाल्याचं मी प्रथमच ऐकते आहे. विमान मुंबईहून रोमला जातं आणि तिथून पुढे फ्रँकफुर्टला. मी मध्ये रोमला दोन रात्री मुक्काम मागून घेतलाय. तीन ऑक्टोबरला पोचायचं, पाचला पुढे निघायचं. मधला चार तारखेचा मंगळवार मोकळा. त्या दिवशी मी पॉम्पेई आणि व्हेसुव्हियस बघणार आहे. एकटी.

तुला ठाऊक आहे, निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला. फळ्यावर लाल खडूनं ज्वालामुखीचं पोट फाडून दाखवायचं हे माझं आवडतं काम. माझ्या हातून व्हेसुव्हियसचा निदान चारशे वेळा उद्रेक झाला असेल, आणि दर वेळी घंटा झाली की मी तो डस्टरनं पुसून टाकला. प्रत्यक्षात मात्र मी इथल्या सेमिनरी हिल्सच्या टेकडीच्या वर कुठे चढलेली नाही.

काळजी करू नको, सगळं आखून झालंय. इथल्या सदर भागातल्या कॉन्व्हेंटमधल्या एका इटालियन सिस्टरनं रोमच्या मठात उतरायची सोय केली आणि दहा वाक्यं शिकवली. त्यातलं सर्वांत उपयोगाचं वाक्य म्हणजे, नको, मला वाटाड्या नको. शाळेच्या सवयीनं तासवार वेळापत्रक केलं आहे. पहिला तास, रोम ते नेपल्स आगगाडी. दुसरा, नेपल्सहून लहान गाडीनं पॉम्पेई. ही आपल्या नागभीडच्या छोट्या गाडीसारखी, फक्त वेळेवर सुटणारी. तिसरा आणि चौथा तास पडक्या शहरात. मधली सुट्टी, पोळी आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा. पाचव्या तासाला बसनं डोंगराच्या अर्ध्यावर, तिथून तारेवर लोंबकळणाऱ्या खुर्चीत बसून तोंडापर्यंत. सहाव्याला परत. नक्कल सोबत जोडली आहे, जयवंतावहिनीला दाखव.

माया आहेच, ती वेळापत्रक वाचल्यावरही राहू दे.

तुझी,
इंदू

—

भिवापूर
२ सप्टेंबर १९७७

गं. भा. इंदूबाई हिस चंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

विशेष. तुझं पत्र पावलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळेस विश्वास बसला नाही.

मी एक वेळ गप्प राहिलो असतो. पण परवा ताराच्या सासूबाई कुसुमताई मोटार करून धरमपेठेतून थेट आपल्या अंगणात आल्या. चहा घेतला नाही, यावरून समज. त्यांनी पंचांग सोबत आणलं होतं. चार ऑक्टोबर पितृपक्षात येतो. ऐन पितृपक्षात, ज्या गावात हजारो माणसं एका झटक्यात मेली, ज्यांना धड अग्नी मिळाला नाही, तिथं तू हिंडणार, आणि त्याच हातांनी त्यांच्या घरचं नवं लेकरू उचलणार. सुतकाचं बोट बाळंतिणीच्या खोलीत न्यायचं का, असं त्यांनी मले विचारलं. उत्तर तुझ्यापाशी असेल, तुझ्यापाशी लहानपणापासून असते, पण ते मले नको.

आणि पडक्या विटाच पाहायच्या तर सातासमुद्रापार काहून जा? आपली पवनी आहे ना. सात-आठ वर्षांमागे सरकारी लोकांनी तिथली टेकडी खोदून दोन हजार वर्षांच्या विटा काढल्या. बस पाऊण तासात नेते. ज्वालामुखी तेवढा नाही, पण मे महिन्याच्या नवतप्यात गेलीस तर फरक कळणार नाही.

हा नाद सोड. सरळ लेकीकडे जा. पत्राची वाट पाहतो.

तुझा भाऊ,
चंद्रभान

(कडेला, बारीक अक्षरात)
जयवंताचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायले मीच जाऊन राहिली, म्हणून चार अक्षरं. वेळापत्रक मी मागून घेतलं. पोळी वाळते वं, दशम्या ने. दुधात भिजवल्या तर तीन दिवस मऊ राहतात.

—

धंतोली, नागपूर
९ सप्टेंबर १९७७

तीर्थरूप दादास,

इंदूचा नमस्कार, या खेपेस ताठ मानेनं.

आधी ते गं. भा. काढ. माझ्या पासपोर्टात जन्मतारीख आहे, उंची आहे, डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा आहे, जो तुझ्या विटीनं झाला. गं. भा. चा रकाना सरकारनं ठेवलेला नाही. सरकारला जे नको ते माझ्या भावानं तरी कशाला बाळगावं?

आता कुसुमताईंचं पंचांग. ते शहर इसवी सन एकोणऐंशीत गाडलं गेलं. त्याला अठराशे अठ्ठ्याण्णव वर्षं झाली. सुतक दहा दिवसांचं असतं. मी अगदी सोवळ्यात धरलं तरी ते फिटून आता बराच वेळ झाला. अग्नी मिळाला नाही म्हणतात, तर दादा, त्या बिचाऱ्यांना तो जरा जास्तच मिळाला. राहिला पितृपक्ष. इतक्या वर्षांत त्यांना कोणी घोटभर पाणी दिलेलं नाही, कारण द्यायला मागे कोणी उरलंच नाही. मग हा पंधरवडा त्यांच्या कामाचा की कुसुमताईंच्या? बाई तर्पण करत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिथे गुरुजी मिळेपर्यंत माझी मधली सुट्टी संपेल.

थट्टा बाजूला ठेवते. मी त्रेपन्न वर्षांची झाले. आजवर जिथे गेले तिथे कोणाच्या तरी कामाला गेले. लग्नाला, बारशाला, तेराव्याला, शाळेच्या सहलीला चाळीस मुली मोजत. काशीला गेले तेही यांच्या अस्थी घेऊन. ताराचं बाळंतपण मी जीव ओतून करीन, त्यात कुसुमताईंना बोट ठेवायला जागा मिळायची नाही. पण मधला एक मंगळवार माझा आहे. तो मी तुझ्याकडे मागत नाही. तुला कळवते आहे.

आणि पवनीचं म्हणशील, तर पाऊण तासावर आहे ना? अडतीस वर्षं झाली वहिनी या घरात येऊन. एकदा तरी नेलंस का तिला? तिला विचारून बघ.

राग आला तरी लोभ कमी करू नये, ही विनंती नव्हे, हक्क.

इंदू

—

भिवापूर
१८ सप्टेंबर १९७७

गं. भा. इंदूबाई हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुऱ्या घरात वाचून दाखवलं नाही, एवढे उपकार मान. अनंतरावांना मी जर्मनीस लिहिलं आहे की तिकीट सरळ फ्रँकफुर्टचं करून घ्या. घरात कर्ता पुरुष अजून जिवंत आहे.

हिचं नाव मध्ये आणू नको. हिले कुठं जायचं नसते. मी विचारलं नाही, पण मले माहीत आहे.

एवढ्यावर तू त्या मंगळवारी तिथं पाय ठेवलास, तर परत आल्यावर तो या उंबऱ्यावर ठेवू नको. माहेर आहे म्हणून काहीही चालते असं नाही.

चंद्रभान

(कडेला)
मिरचीचा डबा शेजारच्या केशवरावाच्या हाती पाठवते. मिरचीच्या खाली पुडी आहे, काळ्या तिळाची. कायले ते तुमाले समजते. यायनं मले विचारलं नाही, हे मात्र खरं आहे. — जयवंता

—

रोम, विमानतळ
५ ऑक्टोबर १९७७

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस,

इंदूचा नमस्कार. जाऊन आले.

तुझं पत्र अनंतरावांना पोचलं. त्यांनी तारापुढे ठेवलं, तारानं मला तार केली, आणि मी उलट तारेनं कळवलं की मंगळवार काढायचा असेल तर सोबत इंदूही काढा, आणि बाळंतपणाला कुसुमताईंना बोलावून घ्या. कुसुमताईंना ताबडतोब आपले गुडघे आठवले. तिकीट जसंच्या तसं राहिलं.

पॉम्पेईत मी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी शिरले, वेळापत्रकाच्या पाच मिनिटं मागे. दादा, मी समजत होते की पडकी देवळं असतील. ते तर आपल्या नागपुरातल्या महाल भागाच्या गल्ल्यांसारखं गाव निघालं. पिठाची जाती, भट्टी, खाणावळीचा ओटा आणि त्यात रांजण पुरलेले. रस्त्यावर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या. चिखलात पाय भरू नयेत म्हणून रस्ता ओलांडायला मोठे दगड मांडलेले. नागपूरच्या महानगरपालिकेला जे अजून सुचायचं आहे. एक चूकही कबूल करते. सत्तावीस वर्षं मी मुलींना सांगितलं की हे शहर लाव्ह्याखाली गाडलं गेलं. ते राखेखाली आणि हलक्या फुलक्या दगडांखाली गेलं होतं. ज्या मुलीनं पेपरात राख लिहिलं असेल तिचे गुण मी कापले असणार. आता तिला कुठे शोधू?

एका चौकात सार्वजनिक हौद आहे. पाणी घ्यायला वाकताना लोक काठावर हात टेकत, तिथे दगड तळव्याएवढा झिजलाय. मी हात ठेवला. बसला. इतका वेळ माझं सगळं बघणं परीक्षा तपासल्यासारखं चाललं होतं, तिथे ते थांबलं. वहिनी, मी पुडी सोडली. नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, तीळ घातले, आणि नाव-गोत्र काहीच ठाऊक नसल्यामुळे नुसतं एवढंच म्हटलं की ज्यांचं कोणी नाही त्या सगळ्यांना. पहारेकरी बघत होता. त्याला वाटलं मी हात धुते आहे. त्यानं साबणाची खूण केली.

पाचव्या तासाला गोंधळ झाला. बसवाल्यांचा संप. तुझा आशीर्वाद फळाला आला म्हणायचा. मी स्टेशनबाहेर उभी, समोर डोंगर आणि हातात वेळापत्रक. सिस्टरनं शिकवलेल्या दहा वाक्यांत संपाचं वाक्य नव्हतं. तेवढ्यात टमाट्याच्या खोक्यांनी भरलेली एक तीनचाकी आली. चालवणाऱ्याच्या मागे त्याची आई, नखशिखांत काळ्या कपड्यांत. मी डोंगराकडे बोट दाखवलं. तिनं खोकं सरकवून जागा केली. वाटेत तिनं आपल्या काळ्या कपड्यांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. तिनं माझ्या हिरव्या पातळाचा काठ बोटांत धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि लेकाला मोठ्यानं काहीतरी सुनावलं. काय ते कळलं नाही, पण पुढे सगळी वाट तो खड्डे चुकवत गेला.

खुर्चीत पदर खोचून बसले. खाली पाय लोंबताहेत, चपला सुतळीनं बांधलेल्या, डोळे अर्धी वाट मिटलेले. हे तुला सांगणार नव्हते. वर पोचले तर आग नाही, गडगडाट नाही. एक अवाढव्य खड्डा, आणि एका कडेला दूध उतू जाण्याआधी येते तेवढी वाफ. मी काठावर बसून उरलेली दशमी खाल्ली. अगदी मऊ होती, वहिनी. समोर समुद्र. घंटा झाली नाही. पुसायला कोणी आलं नाही.

उंबऱ्याचं तुझं तू ठरव, दादा. पाय मी ठेवून आले आहे. फ्रँकफुर्टला पोचल्यावर डोक्यावरून आंघोळ करीन, तेवढं कुसुमताईंना कळव.

तुमची,
इंदू

—

भिवापूर
२८ ऑक्टोबर १९७७

इंदूबाईले जयवंताचा नमस्कार.

या खेपेस पूर्ण कागद माझा आहे.

तार मिळाली. नात झाली, दोघी सुखरूप, जीव भांड्यात पडला. कुसुमताई धरमपेठेत पेढे वाटून राहिल्या आणि ज्याले त्याले सांगून राहिल्या म्हणे, की आमच्या विहीणबाई रोमवरून गेल्या.

तुमचं वेळापत्रक मी डब्यात जपून ठेवलं होतं. मागची बाजू कोरी होती. दसरा झाला, आणि त्यावर मी माझं लिहिलं. पहिला तास, सकाळची बस. दुसरा, पवनीची टेकडी. मधली सुट्टी, नदीचा घाट. तिसरा, परत. मंगळवारी पहाटे भाकरी टोपल्यात ठेवली, वरण करून ठेवलं, आणि यायले सांगितलं. विचारलं नाही वं, सांगितलं. हे म्हणे कोणासोबत, मी म्हटलं एकटी. म्हणे कोणाच्या कामाले, म्हटलं कोणाच्याच नाही. म्हणे तिथं आहे काय पाहायले? मी म्हटलं, तुमीच तर इंदूबाईले लिहिलं होतं, ते पत्र पेटीत मीच टाकलं. मग हे दारातून सरकले.

टेकडीवर कोणीच नव्हतं. विटा आहेत, हातभर लांब, खाली खाली रचत गेलेल्या. तुमच्यासारखं मले वाचता येत नाही त्यातलं. पण एका विटेवर बकरीचा खूर उमटून आहे, ओल्या मातीत पडलेला. म्हणजे त्या वेळेसही कोणाची तरी बकरी सुटलीच होती आणि कोणी बाई तिच्यामागं बोंबलत धावलीच असेल. मी तिथंच बसून एकटी हासली. मग वैनगंगेच्या घाटावर दशमी खाल्ली. पाण्यात पाय सोडून. कोणाले वाढायचं नव्हतं.

साडेपाचच्या बसनं उतरली तर हे स्टँडवर बसून. पानवाला म्हणे तीन वाजतापासून बसून आहेत. माझी पिशवी घेतली. अर्ध्या वाटेत विचारलं, विटा खरंच एवढ्या मोठ्या आहेत का. मी भर रस्त्यात दोन्ही हात लांब करून दाखवलं. भाकरी तशीच होती टोपल्यात. वरण मात्र संपलं होतं.

नातीची दृष्ट काढा, मिरच्या आपल्याच घ्या.

तुमची वहिनी,
जयवंता

(कडेला, उभ्या ओळीत)
चि. इंदूस आशीर्वाद. हिनं कागदावर जागाच ठेवली नाही. उंबरा होता तिथंच आहे. पाय धुऊन ये, म्हणजे झालं. हिचा पुढचा मंगळवार नगरधनच्या किल्ल्याचा ठरला आहे. मी येतो म्हटलं तर वेळापत्रकात तुमचा तास नाही म्हणते. तुझा शब्द ती मोडत नाही. माझ्यासाठी एक ओळ लिही. — चंद्रभान