अजून तीन इंच

मी, अभिराम श्रीराम पागे, वय एकाहत्तर वर्षे, धंदा मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग, राहणार अन्नपूर्णा, इंदूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत लावलं आहे. हृदयाबद्दल त्यांचं मत तितकंसं चांगलं नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला दबावात ठेवणारी एकच होती, माझी बायको यमुना, आणि ती पाच वर्षांपूर्वी गेली. ह्याआधी मी असा कुठलाही कागद केलेला नाही.

कलम १. राहतं घर आणि मागचं शेडचं आवार माझा मुलगा प्रणव आणि सून विनीता ह्या दोघांना, अर्धं अर्धं. प्रणव म्हणेल, विनीताचं नाव वेगळं कशाला. तो असं म्हणेल म्हणूनच.

कलम २. बँकेत जे काही असेल ते नात पलक हिच्या शिक्षणासाठी. ती सात वर्षांची आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहितो आहे.

कलम ३. हत्यारं. आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे. तलवार घरात एकही उरली नाही, पण खंडेनवमीची पूजा कधी चुकली नाही. तलवारीच्या जागी मी हातोड्या, पत्र्याची कैची, घासायचा सँडर आणि स्प्रे गन मांडतो. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, असा आमच्या घरचा नेम. आयुष्यात मी तो एकदाच मोडला. हत्यारं प्रणवला, त्याला ती वापरायची अक्कल नसली तरी. स्प्रे गन मात्र तीस वर्षं माझ्यासोबत काम केलेल्या समीरची. तो ह्या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही लिहून देऊ नका असं वकील म्हणाले, म्हणून ती त्याला आज सकाळीच हातात दिली. मोठा कॉम्प्रेसर माझा चुलतभाऊ विक्रम दोन हजार तीन साली दोन दिवसांसाठी घेऊन गेला. तो त्यालाच राहू द्या. तेराव्याला मात्र त्याला जिलबी वाढू नये.

कलम ४. गाडी. इथे मला जरा लांबण लावावी लागेल, सगळ्यांनी सबुरीने वाचावं.

शेडमध्ये पांढऱ्या आणि पिस्ता रंगाची जी कॅम्पर व्हॅन उभी आहे, ती मी सन दोन हजार अकरामध्ये महूहून आणली. एका फौजी कॅप्टनने साधी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात स्वतःच्या हाताने झोपायचा बाक, छोटं कपाट आणि स्टोव्हची जागा केली होती. तो, त्याची बायको इंदुमतीबाई आणि मुलगी कस्तुरी सुट्टीत तिच्यातून फिरायचे. एकोणऐंशी साली कस्तुरी तापाने गेली, सात वर्षांची असताना. त्यानंतर गाडी हललीच नाही. मी पाहिली तेव्हा चाकं मातीत रुतलेली आणि छताला चार ठिकाणी भोकं.

सौदा ठरला तेव्हा इंदुमतीबाई म्हणाल्या, "पागेजी, बाकी सगळं रंगवा. दाराजवळच्या रेघा तेवढ्या ठेवा."

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर दसऱ्याला कॅप्टन पोरीची उंची मांडायचा. शेवटची रेघ तीन फूट नऊ इंचावर, पुढे सन १९७९. आणि खूप वर, पाच फूट एक इंचावर, एक रेघ वेगळी, तिच्यापुढे लिहिलेलं, "आई".

"माझ्या रेघेपर्यंत येणार म्हणायची," बाई म्हणाल्या. "तिथे आली की गाडी तीच चालवणार होती."

मी हो म्हणालो. खोटं नव्हतो बोललो. पण काम हातात घेतलं की मला काही सुचत नाही. सात महिने पत्रा ठोकला, गंज काढला, पुट्टी भरली. यमुनेला दसऱ्याला त्याच गाडीतून मांडूला न्यायचं कबूल केलं होतं. खंडेनवमीला सकाळी पूजा झाली, आणि दुपारी माझ्या लक्षात आलं की आतली तेवढी एक बाजू सोडली तर गाडी चकाचक आहे. मला ते बघवेना. हळदकुंकू वाहिलेला सँडर मी पाटावरून उचलला आणि रेघा घासून काढल्या. यमुना दारात उभी होती. "अहो, आज नका," एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती हीच, आणि ती मी इथे कबूल करतो.

प्रायमर मारला, वर रंगाचे तीन हात दिले. पंधरा दिवसांनी रेघा परत आल्या. चाळीस वर्षं हेच काम केलं आहे, जुना डाग रंगाखालून कसा फुटतो ते मला ठाऊक आहे. ह्या रेघा रंगाच्या खाली नव्हत्या, वर होत्या. बोट फिरवलं तर बोटाला शिसं लागलं. आणि पुढच्या दसऱ्याला तीन फूट नऊच्या वर अर्ध्या इंचावर एक नवी रेघ होती.

मी घाबरलो, हे लिहायला लाज वाटत नाही. गाडी भंगारात द्यायला निघालो होतो. यमुनेने अडवलं. आम्हाला मुलगी नव्हती. ती घरी शिवणकाम करायची. तिने नव्या रेघेच्या मापाने एक फ्रॉक शिवला आणि गाडीतल्या कपाटात टांगला. मग दर वर्षी एक. दर वर्षी रेघ थोडी वर जायची, आणि आदल्या वर्षीच्या फ्रॉकची शिलाई खालून उसवून कोणीतरी लांबी वाढवलेली असायची. तो दोरा यमुनेच्या डब्यातला नव्हता. मी बघायचं सोडून दिलं. यमुना मात्र रोज दुपारी गाडीत जाऊन बसायची, रेघांना पाठ लावून. कधी विचारलं तर म्हणायची, "कंबर धरली आहे हो, जरा टेकते."

त्याच वर्षांत ती खुजी होत गेली. डॉक्टर म्हणाले, वयानुसार हाडं झिजतात. मीही तेच धरून चाललो. ती गेली तेव्हा रेघ चार फूट दोन इंचावर आली होती, आणि तिथेच थांबली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत विनीताला कपाटातला सगळ्यात लहान फ्रॉक सापडला. नवाकोरा दिसला म्हणून तिने पलकला घातला. ह्यात विनीताची काही चूक नाही, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि न सांगणारा मी. पलकला गाडी आवडली. थंडीभर ती तिथेच घर-घर खेळायची, रेघांना टेकून बाहुल्यांना जेवण वाढायची. जुलैमध्ये शाळेतून तब्येतीचं कार्ड आलं. मागच्या ऑक्टोबरमध्ये उंची तीन फूट नऊ, आता तीन फूट नऊ. मागच्या वर्षीचे बूट अजून सैल. विनीता तिला दोन डॉक्टरांकडे घेऊन गेली. सगळ्या टेस्ट नॉर्मल.

"बाबा, मुलं कधीकधी रुकतात, नंतर एकदम वाढतात," प्रणव म्हणाला. "तुम्ही उगीच टेन्शन घेता."

मी गाडीत गेलो. रेघ चार फूट चार इंचावर होती.

त्या दिवशी मी यमुनेची मापांची वही काढली. मागच्या पानांवर दोन रकाने होते. एकावर "कस्तुरी", एकावर "मी". एक चढत गेलेला, दुसरा तेवढाच उतरत गेलेला, नऊ वर्षांत पाच इंच. शेवटी तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "तिला वाढायचंय. मला आता कुठे जायचंय." मला आधी तिचा राग आला, मला सांगितलं नाही म्हणून. मग वही मांडीवर ठेवून मी खूप रडलो.

तेव्हापासून पलकला गाडीत जाऊ दिलेलं नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की मी जाऊन रेघांना पाठ लावून उभा राहतो. पहिल्या दिवशी मी मोठ्याने म्हणालो, "कस्तुरी, रेघा मी पुसल्या. जे घ्यायचं ते माझ्याकडून घे, पोरीला सोड." खांद्याशी गार हात टेकल्यासारखं वाटलं, लहान मुलाचा नव्हे, जरा मोठ्या मुलीचा. यमुनेकडून ती वर्षाला साधारण अर्धा इंच घ्यायची. माझ्याशी तिला घाई आहे, आणि मलाही.

मागच्या आठवड्यात समीर म्हणाला, "भिया, तुमची पँट लंबी झाली की तुम्ही छोटे झाले?" मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. आज त्याला सगळं सांगितलं आहे.

जुलैमध्ये माझी उंची पाच फूट आठ होती, आज पाच फूट दोन आहे. रेघ चार फूट दहावर आहे. आईच्या रेघेला अजून तीन इंच. पलक तीन फूट पावणेदहा झाली, बूट घट्ट होतात म्हणून कुरकुर करते. ती कुरकुर ऐकून मला किती बरं वाटतं, ते विनीताला कळणार नाही.

कलम ५. गाडी विकू नये, भंगारात देऊ नये, आतून घासू नये. रेघ आईच्या रेघेला लागेपर्यंत घरातल्या कोणीही रेघांना टेकू नये. लागल्यावर गाडी प्रणवची. मग आतून-बाहेरून हवा तो रंग द्यावा आणि पलकला मांडूला न्यावं. मी यमुनेला नेलं नाही. फ्रॉक कपाटातच राहू द्यावेत.

कलम ६. प्रणव, हे कलम तू वाचशील तेव्हा म्हणशील, बाबांना वहम झाला होता. म्हण. पण कर. माझ्या तिरडीचे बांबू नेहमीच्या मापाने कापू नका. आधी मला मोजा, टेप समीरकडे आहे. चार फूट अकरा भरलो, तर सरळ घाटावर न्या, माझं काम झालं. त्याहून जास्त भरलो, तर घाई करू नका. मला गाडीत न्या आणि दाराजवळ, रेघांना पाठ लावून, बसवून ठेवा. राहिलेलं ती घेईल. दर तासाने मोजत राहा. मी चार फूट अकरा झालो की मग उचला. तोवर पलकला तिच्या मावशीकडे ठेवा.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं आणि त्यांच्या देखत सही केली. उद्या खंडेनवमी आहे. हत्यारं पाटावर मांडून झाली आहेत, उद्या कोणी उचलणार नाही.

लिहून ठेवणार: अभिराम श्रीराम पागे

साक्षीदार १: समीर शेख, पेंटर, इंदूर. पागेभियांच्या सांगण्यावरून सही करण्याआधी त्यांना मोजलं, पाच फूट दोन. सही झाल्यावर ते म्हणाले, परत मोज. पाच फूट पावणेदोन. टेप तोच होता.

साक्षीदार २: अर्पित पोरवाल, औषधविक्रेता, अन्नपूर्णा, इंदूर. वरचं माप मी स्वतः पाहिलं. सह्या गाडीत बसून केल्या. नवी रेघ उमटली तेव्हा पेन्सिल कोणाच्याही हातात नव्हती.

स्थळ: इंदूर
तारीख: ३० सप्टेंबर २०२५